भागाकार बरोबर आहे

शाळा व्यवस्थापन समितीच्या गेल्या सभेत आमच्यातल्याच एकाने मोबाइल काढून सगळ्यांसमोर हिशोब मांडला. "सर, रागाव नकात हां. तुमचो पगार सत्तर हजार धरूया. पोरां नव. म्हणजे म्हयन्याक एका पोरामागे किती पडले?" कॅल्क्युलेटरवर सातांची रांगच उमटली. सात हजार सातशे सत्त्याहत्तर, आणि दशांशचिन्हाच्या पुढेही सातच सात. फोन हातोहात फिरला. "ह्या पैशात देवगडच्या इंग्लिश मिडियमची फी भागतली आणि वर व्हॅनचा भाडा सुटतला," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हसण्यात फार काही विखार नव्हता, पावसाळ्यातल्या दुपारी लोक हसतात तसंच. फोन गुरुजींपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, पडद्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "भागाकार बरोबर आहे." मग त्यांनी पोषण आहाराच्या तांदळाचा विषय काढला. किती आला, किती भिजला.

त्या वाक्याने मला चार रात्री नीट झोपू दिलं नाही. त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तिसरीतल्या मुलाने पाटी पुढे केल्यावर म्हणावं, अगदी त्याच सुरात ते बोलले होते. मी या समितीत 'शिक्षणतज्ज्ञ' म्हणून आहे. माझी सगळी हयात मुंबईत टपालखात्यात गेली. पण आई शिक्षिका होती आणि गावात दुसरं कोणी मोकळं नव्हतं, एवढ्या भांडवलावर ही पदवी मला मिळाली. तेव्हा तज्ज्ञ म्हणून त्या सभेत मी काहीतरी बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. काय बोलणार? हिशोब खोटा नव्हता. नऊ मुलं आहेत हे खरं, आणि पगारही साधारण तेवढा असणार.

आमची शाळा जांभ्याची, दोन खोल्यांची. एक खोली कायम बंद असते. तिच्यात मोडकी बाकं, लोखंडी कपाट आणि निवडणुकीच्या वेळी लागणारी टेबलं आहेत. दुसऱ्या खोलीत पहिली ते चौथी एकत्र बसते. फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुवाच्य अक्षरात वार, दिनांक, पट ९, हजर ९. मी या शाळेत होते तेव्हा याच खोलीत आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो आणि पटाचा आकडा दोन अंकीच काय, कधीकधी तीन अंकीही असायचा. आता वाडीतली निम्मी घरं गणपतीला आणि मेमध्ये उघडतात. जे राहिलेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं सकाळी टाय लावून पिवळ्या व्हॅनमधून जातात. हिशोब मांडणाऱ्याचा नातूही त्याच व्हॅनमध्ये असतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी म्हणून ही उरली आहे. समूह शाळेची, म्हणजे लहान शाळा बंद करून एकीतच मिळवायची, चर्चा अधूनमधून उठते. नकाशावर पुढची शाळा दीड किलोमीटरवर दिसतेही, पण मध्ये वहाळ आहे आणि जुलैत साकवावरून पाणी जातं, ते नकाशात दिसत नाही.

गुरुजी खानदेशातले. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, आणि मुलांशी बोलताना आता "कशाक?" आणि "खय?" सहज येतं. गावात त्यांचा उल्लेख 'परजिल्ह्यातले सर' असाच होतो. मला दर वेळी पालगड आठवतं. दापोली तालुक्यातल्या त्या गावचे साने गुरुजी १९२४ मध्ये अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायला गेले. सहा वर्षं त्यांनी तिथे शिकवलं, छात्रालय सांभाळलं आणि १९३० च्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडली. त्यांच्या नावापुढचं 'गुरुजी' हे खानदेशाचं देणं. आपण कोकणी माणसं त्या सहा वर्षांचा अभिमान शंभर वर्षं सांगतोय, आणि त्याच रस्त्याने उलट आलेल्या माणसाची मात्र पहिली चौकशी करतो ती "बदली कधी?" अशी.

सभा संपली तेव्हा पाऊस कोसळत होता आणि तीनची एसटी आली नव्हती. शाळेच्या ओट्यावर आम्ही दोघंच उरलो. पत्र्याच्या पागोळ्यांचा आवाज इतका, की शेजारी बसूनही मोठ्याने बोलावं लागत होतं. मी पगाराचा विषय काढायच्या तयारीत होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "ताई, पाच मिनिटं आहेत का? एक गंमत सांगतो." आणि त्यांनी मला वजाबाकी सांगितली.

बत्तीस वजा सतरा. तिसरीतल्या एका मुलाचं उत्तर सतत पंचवीस यायचं. दर वेळी फुली, दर वेळी "हातचा विसरलास." गुरुजी म्हणाले, "मग मी एकदा त्याला विचारलं, कसं काढलंस ते सांग. तर तो म्हणतो, मोठ्यातून लहान वजा करायचं असतं ना, मग सातातून दोन गेले, पाच. तीनातून एक गेला, दोन. म्हणजे त्याला नियम येत होता! कधीतरी मीच शिकवला असेल. तो बिचारा इमानदारीने पाळत होता." मग त्यांनी माडाच्या झावळीचे हीर आणले, ज्यांच्या झाडण्या करतात ते. बोटाएवढे तुकडे केले आणि दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून बांधले. मुलाने तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. गुरुजींनी हात पुढे केला, "आता मला सतरा दे." मुलाने एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. अजून पाच हव्यात. त्याने सुट्या काड्यांच्या डब्याकडे हात नेला, तर गुरुजींनी डब्यावर तळहात ठेवला. मूल गठ्ठ्यांकडे बघतंय, त्यांच्या तोंडाकडे बघतंय, बाकीची आठ जणं कुजबुजतायत. "ताई, त्या वेळी गप्प बसणं सगळ्यात अवघड असतं. उत्तर जिभेवर येतं आपल्या." बराच वेळ गेला. मग त्याने एक गठ्ठा उचलला आणि अगदी हळू विचारलं, "सर, रबर काढू?"

हे सांगताना त्यांनी स्वतःच हातात नसलेला गठ्ठा उचलून दाखवला. पुढचं सांगायची गरजच नव्हती. एक गठ्ठा आणि पाच सुट्या, पंधरा. वही न उघडता.

मुलांना वाचता-मोजता येतं का ते पाहणारे 'असर' सर्वेक्षणवाले गावोगाव जाऊन मुलांना नेमकी हीच हातच्याची वजाबाकी घालतात, आणि मग आकडे छापून आले की आठवडाभर अग्रलेख येतात. कोणत्या इयत्तेतल्या किती मुलांना ती आली नाही, हे आपल्याला कळतं. ज्याला ती आली त्याला कोणत्या मिनिटाला आली, हे फक्त एका माणसाला ठाऊक असतं आणि ते कोणाला सांगायचं हे त्यालाही कळत नसतं.

मला का सांगितलं त्यांनी हे?

मला गणितातलं काय कळतं? मी फक्त ओट्यावर होते. शाळेत दुसरे शिक्षक होते, त्यांची आंतरजिल्हा बदली झाली आणि ते कार्यमुक्त होऊन गेले. त्या जागेवर कोणी आलेलं नाही. बायको-मुलं तिकडे जळगावकडे. भाड्याच्या खोलीत रात्री फोनवर ती वजाबाकी सांगून बघितली असेल, तर पलीकडून "जेवलात का?" एवढंच आलं असणार. आमच्याकडे कोणत्याही धंद्यातला माणूस आपल्या धंद्याबद्दल किती बोलतो ते बघा. देवगडच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव झाल्यावर तांडेल तासभर जाळ्यांबद्दल बोलतात. बागायतदार तर बोलणं थांबवतच नाहीत. मोहोर कधी आला, फुलकिडे कशाने गेले, कल्टार कधी घातलं, कोणाच्या कलमाने यंदा दगा दिला. एकमेकांना शिव्या घालतील, फवारणी लपवतील, पण बोलतील. त्या बोलण्यातून माणूस शिकतो हे तर आहेच. पण आपण करतो ते कोणाला तरी कळतंय, हेही त्याला त्यातूनच कळतं. नऊ मुलांच्या शाळेतला एकटा शिक्षक हे बोलणार कोणाशी? त्याच्याकडे एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि त्यावर दिवसातून अनेकदा एकच वाक्य येतं, 'सदर माहिती आजच तातडीने सादर करावी.' कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम द्यायचं नाही. पण यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरणं, आधारची जुळणी, आहाराची रोजची नोंद, हे सगळं कोणत्या खणात घालायचं? आमच्याकडे रेंज नाही. त्यासाठी गुरुजी सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावर, चढतात, वर जाऊन दोन पट्ट्या मिळाल्या की आकडे पाठवतात आणि उतरतात. तोवर नऊ जण आपापलं पाढे म्हणत बसतात. बऱ्यापैकी म्हणतातही.

आईच्या वेळी सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. ती पाच मैल चालत जायची, साडीच्या निऱ्या खोचून वहाळ ओलांडायची, आणि घरी आल्यावर तिच्या पायांना जळवांचे डाग असत. शाळेचा फळा जुन्या सेलातली काळी पूड आणि पाला घासून काळा करायचं काम आम्हा मुलांचं. त्याचा तो कच्चा हिरवा वास मला अजून येतो. मारकुटे मास्तर होते, वर्गात तपकीर ओढून झोपणारे होते, आणि सावकारी करणारा एक होता. पण महिन्यातून एकदा गट संमेलन असायचं. आसपासच्या शाळांतले सगळे शिक्षक एका शाळेत जमायचे. कोणीतरी एक नमुना पाठ घ्यायचा, खऱ्या मुलांपुढे, आणि बाकीचे मागे बसून बघायचे. मग मुलांना सोडून त्या पाठाची चिरफाड. आई त्याच्या आदल्या रात्री झोपायची नाही. तक्ते रंगवत बसायची. एकदा तिच्या पाठात एका गुरुजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता." ती घरी येऊन रडली. पण पुढे आयुष्यभर प्रश्न विचारला की ती ओठ मिटून घ्यायची, अगदी घरातसुद्धा. "दूध कोणी सांडलं?" विचारून ती असा काही वेळ गप्प राहायची की आम्ही आपणहून कबूल व्हायचो.

आणि दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, यायचे. त्यांची भीती काय वर्णावी! अंगण सारवून, नखं तपासून, आम्हाला आधीच धमकावून ठेवलेलं असायचं. दिपोटी नुसत्या वह्या बघत नसत, स्वतः खडू हातात घेऊन मुलांना विचारत. जाताना शेरेबुकात शेरा लिहीत. बहुतेक शेरे 'समाधानकारक' या एका शब्दाचे. पण एका साहेबांनी लिहिलं होतं, 'तिसरीच्या मुलांना गावाचा नकाशा अंगणात काढून शिकवलेला पाहिला. उत्तर दिशा या मुलांना खरोखर समजली आहे.' आईने ते वाक्य स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं होतं. ती गेल्यावर ट्रंकेत ती वही सापडली. पगारवाढीचा, बढतीचा एकही कागद त्या ट्रंकेत नव्हता. ते तिने कुठे ठेवले, कोण जाणे.

आता त्या संमेलनाला शिक्षण परिषद म्हणतात. कागदावर हेतू तोच आहे, पण आमच्या केंद्रप्रमुखांच्या गळ्यात इतर केंद्रांचाही भार आहे. परिषदेत काय होतं ते गुरुजींनी सांगितलं. परिपत्रकांचं वाचन, कोणाची माहिती यायची राहिली त्यांची नावं, आणि चहा. उमेद वाढावी म्हणून मधूनच एखादा व्याख्याता बोलावतात. तो 'शिक्षक म्हणजे दीपस्तंभ' असं सांगून टाळ्या घेतो. वजाबाकीबद्दल कोणी बोलत नाही.

पैशाला महत्त्व नाही, असलं साळसूद विधान मला करायचं नाही. २००० साली राज्याने शिक्षणसेवक नावाची सोय काढली आणि तीन वर्षं तीन हजार रुपयांत तरुण मुलांना राबवलं. ते मानधन १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. ज्याच्या खोलीचं भाडं थकलंय त्याला दीपस्तंभ म्हणणं हा निव्वळ निर्लज्जपणा. माझी भाची बी.एड. आहे, एका खाजगी शाळेत आठ हजारांवर काम करते आणि त्याच पगारात शाळेच्या स्नेहसंमेलनाची तिकिटंही खपवते. आमच्या सभेतल्या कॅल्क्युलेटरने तिच्या पगाराला तिच्या वर्गातल्या मुलांनी भागलं असतं तर 'कार्यक्षमता' फार वरची दिसली असती. पण उलट बाजूही आहे. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा मूळ पगार दुप्पट केला. अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ३६० शाळांत त्याचा परिणाम मोजला. शिक्षक अधिक समाधानी झाले, पैशाची ओढाताण कमी झाली, जोडधंदे सुटले. मुलांच्या गुणांत मात्र दोन-तीन वर्षांनीही फरक दिसला नाही. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. पगाराने माणूस शाळेपर्यंत येतो, डोक्यात दुसरी काळजी न घेता येतो, आणि तेवढं तर त्याला मिळालंच पाहिजे. गठ्ठ्यावरून रबर कधी सोडू द्यायचं, हे पगाराच्या पावतीत लिहिलेलं नसतं.

आमच्या भागाला तर गुणवत्तेबद्दल बोलायची सवयच राहिलेली नाही, कारण निकाल इतका वरचा लागतो. मार्च २०२४ च्या दहावीत कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के. दर जूनमध्ये पेपरात 'कोकण अव्वल' छापून येतं, आम्ही ते कात्रण पुढे पाठवतो, आणि शंभरात एकसुद्धा नापास होत नसेल तर शिकवण्यात आणखी काय उरलं, असं सगळ्यांना वाटतं. त्याच मुलांना पुढे मुंबईत मुलाखतीत घाम फुटतो ती गोष्ट वेगळी. परीक्षा पास होणाऱ्या पोराने मोठ्यातून लहान वजा करायचा नियम कितीतरी वर्षं बिनबोभाट चालवलेला असू शकतो.

गुरुजींनीही बदलीचा अर्ज भरलाय. वडील थकलेत, शेती बघायला कोणी नाही. दोन बदल्यांच्या फेऱ्यांत नाव लागलं नाही. एकदा लागलं तर जिल्ह्यात पदं रिक्त म्हणून कार्यमुक्त केलं नाही. ते गेले तर शाळेचं काय, हा आमचा प्रश्न. त्यांच्या वडिलांना कोण बघणार, हा त्यांचा. गावात तीन डी.एड. झालेली पोरं आंब्याच्या पेट्या भरतात, त्यांच्यातली एक मुलगी माझ्या शेजारची. तिला इथेच नेमा, असं आम्ही सगळे म्हणतो. मीही म्हणते. आणि तरी वाटतं, स्थानिक माणूस नेमल्याने तो एकटा राहणार नाही असं थोडंच आहे? संध्याकाळी घरी जाईल, भाकरी ऊन मिळेल, पण शाळेत तीसुद्धा नऊ मुलं आणि सड्यावरची रेंज यांच्यामध्येच असेल.

पलीकडच्या वाडीतल्या शाळेत एक बाई आहेत. वीसेक वर्षांची नोकरी. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायलाच हवं. तेव्हापासून त्या रात्री दिवा लावून बालमानसशास्त्र पाठ करतात. परीक्षा वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांना स्वतःलाच अपूर्णांक येत नाहीत असे शिक्षकही मी पाहिलेत. पण बाई चिडल्यात. त्या चिडण्यातून एक बरी गोष्ट घडली. अभ्यासाला गणित कच्चं म्हणून त्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आमच्या गुरुजींकडे आल्या. पुढच्या शनिवारी बंदरावरच्या शाळेतले एक सर आले. मला चावीसाठी बोलावतात, कारण पोषण आहाराची खोली माझ्या ताब्यात, आणि चहा तिथेच होतो.

त्या तिघांचं काय चालतं ते मी दारातून ऐकते. टीईटी राहिली बाजूला, विषय लगेच हिरांवर आला. बाईंचं म्हणणं, काड्या दिवाळीपर्यंत ठीक, पुढे काढून घ्या, नाहीतर मुलं चौथीतही काड्याच शोधत बसतात. गुरुजी म्हणतात, काढून घ्यायच्या नाहीत, डबा कपाटावर दिसेल असा ठेवायचा, ज्याला लागेल तो मागेल. बंदरावरच्या सरांना दोघांचंही पटत नाही. ते म्हणतात आधी पैशांनी शिकवा, आमची पोरं मासळीचे सुटे रोज मोजतात, दहाची नोट मोडायला त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. "मग लिहिताना का चुकतात?" बाईंनी विचारलं आणि ओठ मिटून घेतले. सरांना उत्तर सुचेना. गुरुजींनी खडू घेतला, फळ्यावर एकाच गणिताच्या तीन चुका मांडल्या आणि यातली कुठली पैशांमुळे आणि कुठली काड्यांमुळे, असं काहीतरी सुरू केलं. निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. एकची गाडी चुकली, आता तीनशिवाय दुसरी नाही, हे सांगायला मी दोनदा आत डोकावले. दोन्ही वेळा तिघांनी "हो, हो" म्हटलं आणि पुन्हा भांडायला लागले.